मॉर्गन डॉलरवरील दुहेरी खुणांचा इतिहास

अमेरिकेतील चांदीच्या मॉर्गन डॉलरचे अभ्यासक एकाच सालाच्या, एकाच टांकसाळीच्या नाण्यांतही भिंगाखाली निरनिराळे प्रकार ओळखतात. या भेदांचे मूळ टांकसाळीतल्या हाताच्या कामात आणि पहिल्या वर्षीच्या घाईत आहे.

1873 च्या कायद्याने देशांतर्गत चलनातला चांदीचा डॉलर बंद झाला होता. 28 फेब्रुवारी 1878 रोजी ब्लँड-ॲलिसन कायदा संमत झाला आणि दरमहा 20 ते 40 लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडणे सरकारला भाग पडले. इंग्लंडहून आलेले खोदकामकार जॉर्ज मॉर्गन यांच्या आराखड्यानुसार फिलाडेल्फियात 11 मार्चपासून काम सुरू झाले. सुरुवातीच्या नाण्यांवर गरुडाच्या शेपटीत 8 पिसे होती. ती लवकरच 7 करण्यात आली. मात्र 8 पिसांचे काही तयार ठसे, म्हणजे नाण्यांवर आकृती उमटवणारे पोलादी साचे, बाद न करता त्यांच्यावरच 7 पिसांची आकृती दाबली गेली, त्यामुळे त्या नाण्यांवर नव्या पिसांच्या खाली जुन्या पिसांची टोके स्पष्ट दिसतात. या मालिकेतला सर्वांत बोलका पुरावा मला हाच वाटतो.

ठशावर पूर्ण आकृती उमटवण्यासाठी ती एकापेक्षा अधिक वेळा दाबावी लागे आणि मध्ये पोलाद तापवून मऊ करावे लागे. पुढचा दाब किंचित सरकला की रेषा दुहेरी होत. 1888 च्या न्यू ऑर्लिन्सच्या एका ठशावर स्वातंत्र्यदेवतेचे ओठ, नाक आणि हनुवटी अशीच दुहेरी उमटली आहेत. सालाचे आकडे आणि टांकसाळीचे अक्षर तर ठशावर हातानेच ठोकले जाई. 1893 मध्ये कार्सन सिटीत नाणी पाडणे थांबल्यावर तिथल्या उरलेल्या ठशांवरील ‘सीसी’वर न्यू ऑर्लिन्सचा ‘ओ’ ठोकण्यात आला. 1900 च्या काही नाण्यांवर त्या ‘ओ’भोवती ‘सी’च्या कडा अजून दिसतात.

1918 च्या पिटमन कायद्यान्वये 27 कोटींहून अधिक डॉलर वितळवण्यात आले. त्यातली बहुतांश चांदी ब्रिटिशांनी हिंदुस्थानसाठी घेतली, कारण युद्धकाळात इथे रुपयाच्या नाण्यांची मोठी टंचाई होती. कोणत्या सालाची किती नाणी वितळली याची नोंद ठेवली गेली नाही, त्यामुळे टांकसाळीच्या उत्पादनाच्या आकड्यांवरून दुर्मीळता ठरवता येत नाही. प्रत्यक्ष नाणीच तपासावी लागतात.

तशी तपासणी मोठ्या प्रमाणावर शक्य झाली ती 1960 च्या दशकात, सरकारी तिजोरीतून हजार-हजार डॉलरच्या पिशव्या बाहेर पडल्यावर. लेरॉय व्हॅन ॲलन आणि जॉर्ज मॅलिस यांनी ठशागणिक भेद नोंदवून प्रत्येक साल व टांकसाळीनुसार क्रमांक दिले आणि त्यांच्या आडनावांवरूनच या क्रमांकांना ‘व्हॅम’ हे नाव मिळाले. एकट्या 1878 च्या फिलाडेल्फिया डॉलरचे शंभराहून अधिक प्रकार या पद्धतीने नोंदले गेले आहेत.