आपला ‘ला’ आणि त्यांचा ‘ला’: स्पॅनिशमधलं डायरेक्ट आणि इनडायरेक्ट ऑब्जेक्ट

स्पॅनिश शिकताना माझ्या वहीत सगळ्यात जास्त लाल गोल कशाभोवती पडले असतील तर लो आणि ले ह्या दोन चिमुकल्या सर्वनामांभोवती. सुरुवातीलाच मी एकदा लिहिलेलं, "लो दी". मला म्हणायचं होतं की कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध प्यायलो आणि दूधवाल्याला पैसे दिले, म्हणजे "त्याला दिले". पण लो दी म्हणजे "मी तो दिला". दूधवालाच देऊन टाकला की! पाहिजे होतं "ले दी". एका कान्याचा फरक, पण अर्थाची पार वाट.

आता ही चूक आपण मराठी माणसं का करतो ते बघा, कारण इंग्रजीतून समजावणारे व्हिडिओ हे कधीच सांगत नाहीत. शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ केलेला आठवतोय का? द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: स, ला, ते. दोन्हीकडं तेच! मी तेव्हाच विचारलेलं की सर, एकच प्रत्यय दोनदा कशाला, तर उत्तर मिळालं पाठ कर गप. संस्कृतमध्ये हे वेगळं दिसायचं, रामम् म्हणजे रामाला (बघितलं) आणि रामाय म्हणजे रामाला (दिलं), मराठीत दोन्ही रामाला झालं. लॅटिनमध्ये पण असाच फरक होता आणि स्पॅनिशमध्ये नामांतून तो गेला, पण सर्वनामांत अजून जिवंत आहे: लो आणि ला हे द्वितीयेचे वारस, ले हा चतुर्थीचा. म्हणजे डायरेक्ट ऑब्जेक्ट आणि इनडायरेक्ट ऑब्जेक्ट.

दोन वाक्यं घ्या.

मी दूधवाल्याला बघितलं.
मी दूधवाल्याला पैसे दिले.

आपल्या कानाला दोन्ही "दूधवाल्याला" सारखेच. स्पॅनिशमध्ये पहिलं "बी आल लेचेरो", सर्वनाम लावलं की "लो बी". दुसरं "ले दी दिनेरो आल लेचेरो". पहिल्यात बघण्याची क्रिया थेट त्याच्यावर झाली. दुसऱ्यात दिले गेले ते पैसे, तो फक्त घेणारा. "कुणाला?" असा प्रश्न विचारून ओळखा असं जे सांगतात ते मराठीत चालत नाही, कारण दोन्हीकडं उत्तर "दूधवाल्याला" हेच येतंय.

मग मी माझ्यापुरती एक युक्ती काढली. माणूस काढायचा आणि तिथं निर्जीव वस्तू ठेवायची. "मी दूधवाल्याला बघितलं" मध्ये रंकाळा (आमचा तलाव) ठेवा: "मी रंकाळा बघितला". ला गळला! म्हणजे डायरेक्ट, लो नाहीतर ला. दुसऱ्या वाक्यात देऊळ ठेवा: "मी देवळाला पैसे दिले". ला तसाच चिकटून बसला, म्हणजे इनडायरेक्ट, ले. आणखी एक खूण म्हणजे भूतकाळात क्रियापद कुणापुढं वाकतंय ते बघायचं. पैसे दिले, बाटली दिली, भाव विचारला. ज्याच्यापुढं वाकलं ते डायरेक्ट, मग उरलेला ला वाला बहुतेक इनडायरेक्ट. त्यामुळं "त्याला विचारलं" ला "ले प्रेगुन्ते", कारण विचारला तो भाव, माणूस नाही.

युक्ती सगळीकडं चालत नाही, आधीच सांगतो. "भेटणे" घेतलं की फसते, कारण रंकाळ्याला आपण भेटत नाही. आणि "वाट बघणे" मध्ये तर आपल्याकडं ला येतच नाही, "त्याची वाट बघतोय" म्हणतो, पण तिकडं ते सरळ डायरेक्ट, "लो एस्पेरो". असली दोन-चार क्रियापदं पाठच करायची, इलाज नाही.

आता मजेचा भाग. माणूस डायरेक्ट ऑब्जेक्ट असला की स्पॅनिशमध्ये त्याच्याआधी "आ" लावतात, वस्तूला नाही लावत. वरचं आल म्हणजे आ अधिक एल (इंग्रजीतल्या the सारखं). इंग्रजीवाले ह्या आ ला वैतागतात, आपल्याला मात्र ते घरचंच आहे, कारण आपला ला अगदी तेच काम करतो. आणि साम्य किती बारीक आहे बघा. "बुस्को उन मेदिको" म्हणजे "मी डॉक्टर शोधतोय", कुठलाही चालेल. "बुस्को आ उन मेदिको" म्हणजे एक ठराविक डॉक्टर आहे, त्याला शोधतोय. आपल्याकडं लग्नाच्या सीझनला "मुलगी बघतोय" आणि "मुलीला बघतोय" ह्यात जो फरक आहे ना, तोच हा. दुसरं चुकून बोललात तर शेजारच्या काकू कान टवकारतील.

गोंधळ नको म्हणून एकदा स्पष्ट सांगतो: आपला ला म्हणजे त्यांचा आ. त्यांचा ला वेगळाच, तो म्हणजे "ती" किंवा "तिला", आणि तो पण डायरेक्टच. मी पहिला महिनाभर त्यांचा ला दिसला की डोक्यात आपला चतुर्थीचा ला वाजवायचो आणि उलटंच लिहायचो.

मे, ते, नोस ह्यांचं टेन्शनच नाही, मला-तुला-आम्हाला दोन्हीकडं तेच रूप, भानगड फक्त तृतीय पुरुषात. "मे गुस्ता" तर "मला आवडते" चं जुळं भावंड आहे, त्यावर वेळ घालवू नका.

लो पुरुष, ला स्त्री, पण ले ला लिंग नाही, त्याला पण ले, तिला पण ले. आमच्या कोल्हापुरात बायका पण "मी आलो, मी गेलो" म्हणतात आणि पुण्याची माणसं दचकतात, तसंच हे समजा. लिंग बघत बसायचं नाही.

दोन्ही एकत्र आले की मात्र वेगळंच होतं. आईला चप्पल दिली, मग "मी तिला ती दिली" म्हणायचं असेल तर हिशोबाने "ले ला दी" व्हायला पाहिजे. तसं होत नाही. लो किंवा ला च्या आधी ले आला की त्याचा "से" होतो: "से ला दी". जुन्या स्पॅनिशमध्ये हे "झे" (लिहायचे ge) असं काहीतरी होतं, त्याचा पुढं से झाला. हा से एकाला पण आणि अनेकांना पण, त्यामुळं कुणाला ते कळत नसेल तर शेवटी "आ मि माद्रे" जोडायचं.

आणि एवढं सगळं पक्कं करून तुम्ही माद्रिदच्या माणसाशी बोलायला गेलात तर तो मित्राबद्दल "ले बी" म्हणतो! लो पाहिजे ना? पाहिजे, पण ह्या प्रकाराला लेइस्मो म्हणतात आणि एकाच पुरुषाबद्दल (एकवचनी) असेल तर रेआल आकादेमियाने, म्हणजे १७१३ पासून भाषेवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने, तो चालवून घेतलाय. बाईबद्दल "ले बी" हे साधारणपणे चालत नाही. तिकडंच काही लोक उलटं पण करतात, "तिला सांगितलं" ला "ला दिहे" म्हणतात, त्याला लाइस्मो म्हणतात आणि ते चुकीचंच धरतात. बोलताना ऐकू येईल, पण पेपरात "ले दिहे" च लिहा, नाहीतर लाल गोल ठरलेला.