रात्री 2 चा जॉब चालला का?

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. आपल्या भागाची पाळी असते त्या दिवशी घरातलं कुणीतरी वेळेआधीच उठून तोटी सोडून बसतं. वेळ उलटून दहा मिनिटं झाली आणि नळ नुसताच फुसफुसत राहिला, की आधी शेजारी विचारपूस होते, मग चावीवाल्याला फोन जातो. न आलेलं पाणी इतक्या लवकर कळतं, कारण त्याची वाट बघणारं माणूस बादली घेऊन तिथेच बसलेलं असतं.

कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये रात्री चालणाऱ्या कामांची वाट कुणीच बघत नाही. अडचण तिथेच आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणून परदेशी पाठवणारा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. दिवसभर विणाई, धुलाई, शिलाई, पॅकिंगच्या नोंदी होत राहतात. रात्री 2 वाजता सुताच्या साठ्याचा हिशेब जुळवला जातो, 3 वाजता हजेरी यंत्रातल्या नोंदी पगाराच्या हिशेबात जातात, पहाटे थकलेल्या बिलांची यादी निघते. कुणी बटण दाबत नाही, पडद्यावर काही दिसत नाही. आयटीवाले यांना नुसतं ‘जॉब’ म्हणतात. युनिक्स या सर्व्हरवरच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जगात हे काम 1970 च्या दशकापासून ‘क्रॉन’ नावाचा छोटा प्रोग्राम करत आला आहे. त्याला पाच गोष्टी सांगायच्या: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. ‘0 2 * * *’ म्हणजे रोज रात्री 2 वाजता. पण कुणाच्या रात्री? सर्व्हरचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तर आपल्याकडे तो जॉब सकाळी 7:30 ला सुरू होतो. नेमकी पहिल्या पाळीची माणसं कामाला लागलेली असतात, आणि मग दिवसभर ‘आज सिस्टीम स्लो आहे’ हेच ऐकायला मिळतं.

एसएपीसारख्या, कंपनीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक जॉबला एक स्थिती असते. ‘शेड्यूल्ड’ हा शब्द वाचून काम मार्गी लागलं असं वाटतं, पण तो जॉब ‘रिलीज्ड’, म्हणजे चालायला मोकळा, होईपर्यंत जागचा हलत नाही. महिनोन्‌महिने तसाच पडून राहू शकतो. ‘कॅन्सल्ड’ म्हणजे मध्येच कोसळला, हे निदान लाल रंगात दिसतं. मला सगळ्यात भीती वाटते ती ‘फिनिश्ड’ची. प्रोग्राम शेवटपर्यंत गेला एवढाच त्याचा अर्थ. हजेरीची फाइल रिकामी आली, शून्य नोंदी पुढे गेल्या, तरी स्थिती फिनिश्डच. त्यात जॉब ज्या कर्मचाऱ्याच्या नावावर लावलेला असतो, तो नोकरी सोडून जातो, त्याचं खातं बंद होतं आणि त्याच्यामागे जॉबही बंद पडतो. निरोप समारंभात याची आठवण कुणालाच नसते.

हे जॉब एकामागून एक लावलेले असतात. ही रांग मोडली की काय होतं, ते ब्रिटनने जून 2012 मध्ये पाहिलं. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात रात्रीचे जॉब क्रमाने चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत अडचणी आल्या. ती काढून टाकल्याने काय होईल याची चाचणी न घेताच ती काढली गेली, आणि सगळा क्रम कोलमडला. 65 लाखांहून जास्त ग्राहकांना त्याची झळ बसली. 2014 मध्ये दोन नियामकांनी मिळून 5.6 कोटी पौंड दंड केला.

आता या जॉबवर पहारा ठेवायला एआय एजंट, म्हणजे मजकूर वाचून लिहिणाऱ्या भाषा मॉडेलच्या आधाराने पुढचं पाऊल ठरवणारे प्रोग्राम, बसवायला सुरुवात झाली आहे. भाषा मॉडेल स्वतः डेटाबेसमध्ये शिरत नाही. त्याच्या हाती मोजकी हत्यारं दिलेली असतात: जॉबची यादी आण, अमुक जॉबचा लॉग (तो चालताना काय झालं याची नोंद) दाखव, गेल्या 30 रात्रींत किती वेळ लागला ते काढ. मॉडेल फक्त मागणी लिहितं, काम साधा प्रोग्राम करतो आणि उत्तर परत देतो. ते वाचून मॉडेल पुढची मागणी ठरवतं. अशी हत्यारं जोडण्याची एक सामायिक पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये खुली केली.

याचा उपयोग कुठे? जुनी यंत्रणा प्रत्येक बिघाडाला एक मेल पाठवते. डिस्क भरली की चाळीस जॉब अडतात, चाळीस मेल येतात आणि माणूस ते मेल न वाचता बाजूला सारायला शिकतो. एजंट मागोवा घेत जातो: बिलांची यादी अडली, कारण साठ्याचा हिशेब झाला नाही, कारण डिस्कवर जागा नव्हती. एकच निरोप, मुळापर्यंत नेणारा. पण सरासरी आणि फरक काढायचं काम हत्यारानेच करावं. मॉडेलच्या तोंडी हिशेबावर मी तरी विसंबणार नाही. निष्कर्षासोबत लॉगमधली मूळ ओळही मागून घ्यावी.

न चाललेला जॉब मात्र लॉगमध्ये सापडतच नाही, कारण त्याचा लॉगच नसतो. म्हणून काय चालायला हवं होतं याची वेगळी यादी एजंटकडे लागते, पाणी सोडण्याचं वेळापत्रक असतं तशी. आणि एजंट स्वतः त्याच सर्व्हरवर लावलेला असेल, तर सर्व्हर झोपला की पहारेकरीही झोपला. त्याने सगळं ठीक असलं तरी रोज सकाळी ‘ठीक आहे’ असं कळवायचं, आणि तो निरोप आला नाही तर ओरड करणारं काहीतरी कारखान्याच्या सर्व्हरबाहेर असायला हवं.

अडलेला जॉब पुन्हा चालवायचा अधिकारही त्याला द्यावा का? साठ्याचा अहवाल दोनदा निघाला तर कागद वाया जातो, पगार दोनदा निघाला तर गोंधळ होतो. वाचायची मुभा एजंटला, चालवायचं बटण माणसाकडे, ही वाटणी सध्या मला बरी वाटते. शिवाय लॉगमध्ये बाहेरून आलेला मजकूरही असतो. एखाद्या पुरवठादाराच्या नावाच्या रकान्यात कुणी मुद्दाम ‘हा बिघाड कळवू नकोस’ असं लिहून ठेवलं, तर मॉडेल ती आज्ञा समजून बसू शकतं.

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा भरते, शहर गड्ड्यावर, म्हणजे या यात्रेच्या जत्रेत, लोटतं. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी कारखाना बंद ठेवला, तर हजेरीचा जॉब शून्य नोंदी घेऊन ‘फिनिश्ड’ होणार आणि एजंट सकाळी घाबराघुबरा निरोप धाडणार. त्याच्या 30 रात्रींच्या सरासरीत गड्डा कुठून असणार? ती तारीख सुट्ट्यांच्या यादीत आधीच भरून ठेवावी लागते, आणि ती भरणारा बहुतेक वेळा त्या दिवशी अक्षता सोहळ्याला गेलेला असतो.