किल्ल्याच्या कातळावर कोरलेला पूर

पुराच्या बातम्या सुरू झाल्या की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘नदीची पातळी दुप्पट झाली, म्हणजे पाणी दुप्पट आलं.’ ते ऐकलं की मला नाईलकाठचे सेमना आणि कुम्मा हे किल्ले आठवतात. पातळी आणि पाणी यांचं गणित वाटतं तितकं सरळ नसतं, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणी सांगत नाही.

हे किल्ले आजच्या सुदानच्या उत्तर टोकाला, नाईलच्या दुसऱ्या प्रपाताच्या पट्ट्यात होते. प्रपात म्हणजे धबधबा नव्हे. पात्रात खडकच खडक आणि त्यांतून उसळत जाणारं पाणी. इथे नाव हाकणं अवघड, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला थांबावंच लागे. सुमारे 3,900 वर्षांपूर्वी, बाराव्या राजवंशाच्या काळात, इजिप्तने नेमक्या याच पट्ट्यात किल्ल्यांची साखळी उभारली: बुहेन, मिरगिस्सा, आस्कूत, शालफाक, उरोनार्ती आणि दक्षिण टोकाला सेमना-कुम्मा. बहुतेक बांधकाम कच्च्या विटांचं, पण बुहेनची तटबंदी जवळजवळ 5 मीटर जाड आणि बाहेर खंदक. इजिप्तचा राजा तिसरा सेनुसरेत याने सेमनाला सीमेचा शिलालेख लावला. व्यापारासाठी मिरगिस्साला जाणारे आणि वकील-दूत सोडून कुणाही नुबियन, म्हणजे दक्षिणेकडच्या प्रदेशातल्या, माणसाने नावेने किंवा पायी उत्तरेकडे यायचं नाही, असा त्याचा मजकूर. शिबंदी दक्षही होती. वाळवंटाच्या कडेला 32 माणसं आणि 3 गाढवं यांच्या पावलांचा माग सापडल्याची नोंद तिच्या खलित्यांत आहे.

मला मात्र खरं वेड आहे ते तटाखालच्या कातळाचं. सेमना आणि कुम्मा समोरासमोरच्या काठांवर उभे होते आणि नदी त्यांच्यामधल्या अरुंद घळीतून वाहत होती. तिसरा आमेनेमहात या राजाच्या काळापासून इथल्या खडकांवर पुराची कमाल पातळी कोरली जाऊ लागली. एक आडवी रेघ आणि शेजारी ‘अमुक राजाच्या अमुक वर्षीचं नाईलचं मुख’ एवढाच मजकूर. 1844 मध्ये जर्मन अभ्यासक लेप्सियस तिथे पोचला आणि चक्रावला. बऱ्याच रेघा त्याच्या काळातल्या पुराच्या पातळीपेक्षा 7-8 मीटर वर होत्या!

मग नाईलला पूर्वी प्रचंड पाणी होतं का? लेप्सियसने वेगळा तर्क केला. त्या काळी घळीत खडकाचा उंबरठा होता, तो नंतर झिजला आणि पाणी खाली उतरलं. अडचण अशी की हा कातळ कठीण आहे. चार हजार वर्षांत तो इतका झिजेल का, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. काहींच्या मते पूरच मोठे होते.

आता माझ्या आवडीची गोष्ट. सेकंदाला किती घनमीटर पाणी जातं तो विसर्ग. पात्राच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ गुणिले वेग म्हणजे विसर्ग. वेग ठरवताना तळ आणि काठ पाण्याला घासून अडवतात. छेदाचं क्षेत्रफळ भागिले ‘ओला परीघ’, म्हणजे पाण्याला टेकलेल्या तळाची आणि भिंतींची लांबी, ही झाली जलीय त्रिज्या. रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याच्या सूत्रानुसार उतार आणि खडबडीतपणा तोच राहिला तर वेग या त्रिज्येच्या दोन-तृतीयांश घाताप्रमाणे वाढतो. समजा, नदी 1,000 मीटर रुंद आणि 10 मीटर खोल आहे. खोली 20 मीटर झाली तर विसर्ग दुप्पट नाही, तिपटीहून थोडा जास्त होतो. घळ 30 मीटर रुंद असेल तर तो सुमारे अडीच पटच होतो, कारण तिथे उभ्या भिंतीही पाण्याला रोखतात. म्हणजे पातळीतली तीच वाढ घळीत कमी पाण्याची गोष्ट सांगते, आणि घळ जितकी निरुंद तितकी जास्त फसवते.

(इथे कुणी दमलं असेल तर एवढंच लक्षात ठेवा: बाटलीच्या मानेत पाणी झटकन चढतं, पोटात सावकाश.)

खाली इजिप्तच्या सपाट खोऱ्यात काठ ओलांडलेलं पाणी मैलोन्‌मैल पसरतं. सेमनाच्या घळीत 8 मीटर चढणाऱ्या पुराने खोऱ्यातली पातळी त्याच्या छोट्याशा हिश्श्याइतकीच वाढेल. त्यामुळे ‘प्राचीन इजिप्त आठ मीटर पाण्याखाली जायचं’ अशा सनसनाटी निष्कर्षांवर विश्वास ठेवू नये. परग्रहवासीयांनी नाईलचं पाणी वाढवलं म्हणणाऱ्यांना तर उत्तर देण्यातही वेळ घालवू नये. पूर म्हणजे हापी या देवाचं येणं, असं प्राचीन इजिप्तची मंडळी मानत होती. तरी पुराची पातळी बघून, वर्ष घालून, छिन्नीने रेघ ओढण्याचं काम त्यांनी श्रद्धेवर सोडलं नव्हतं.

1964 पासून आस्वानच्या उंच धरणाचं पाणी चढत गेलं आणि सेमना-कुम्मा बुडाले. तिथली दगडी मंदिरं त्याआधी सोडवून खार्तूमच्या संग्रहालयात नेली होती. बाकीचे किल्लेही गेले असंच सगळे समजून होते. पण शालफाक आणि उरोनार्ती उंचावर असल्याने वाचले, हे या शतकात लक्षात आलं, आणि त्यांच्या मातीच्या भिंतींवर पुन्हा अभ्यास सुरू झाला.