गळ्याला करंटच्या पट्ट्या लावल्या की गिळणं आपोआप सुधारतं का?

वय झालेल्या माणसाला पाणी पिताना ठसका लागतो, घास अडकतो, मग कोणीतरी सांगतं की गळ्याला मशीन लावा, स्नायू आपोआप मजबूत होतात, पेशंटने नुसतं पडून राहायचं. हे बरीच वर्षं फिरतंय आणि असं होत नाही.

गिळताना गळ्यातलं हायॉइड हाड (जिभेच्या मुळाखालचं छोटं हाड) आणि स्वरयंत्र वर-पुढे सरकतं, म्हणून श्वासनलिका झाकली जाते, सगळं साधारण एका सेकंदात. आता गंमत बघा, गळ्याच्या पुढच्या बाजूला कातडीखाली जे स्नायू आधी लागतात त्यातले बरेचसे हे हाड खाली ओढणारे, त्यामुळे नुसतं बसून जोरात करंट दिला तर ते खालीच जातं, म्हणजे उलटंच! २००७ च्या एका अभ्यासात एक्सरेवर हे दिसलंय.

मग मशीन फालतू का? तसंही नाही. स्ट्रोकनंतरच्या पेशंटमध्ये गिळण्याच्या थेरपीच्या जोडीला वापरल्यावर काही अभ्यासांत जास्त फायदा दिसलाय, पण करंट चालू असताना पेशंटने जोर लावून गिळायचं असतं, खरा व्यायाम तोच.

आणि ऑनलाइन मागवून घरीच गळ्याला लावायचा उद्योग तर नकोच, पेसमेकर असेल किंवा गळ्यात कॅन्सरची गाठ असेल तर धोका आहे. आधी गिळण्याची तपासणी करा, कारण काहींचं अन्न श्वासनलिकेत जातं आणि खोकलाही येत नाही, ते बाहेरून कोणाला कळणार?