विश्रांतावस्थेतील वाढलेली नाडी

माणूस जागा आहे, पण शांत बसलेला किंवा पडलेला आहे, अशा वेळी त्याच्या हृदयाचे मिनिटाला जितके ठोके पडतात ती त्याची विश्रांतावस्थेतील हृदयगती. रोजच्या बोलण्यात नुसती ‘नाडी’. प्रौढांमध्ये ती साधारण ६० ते १०० असते. १००च्या वर राहिली तर डॉक्टर तिला टॅकिकार्डिया म्हणतात. नवजात बाळाची नाडी १३०-१४० असली तरी बाळ ठणठणीत असते, आणि रोज लांब पल्ल्याचे धावणाऱ्याची ४५ असली तरी त्याला काही झालेले नसते. म्हणून या चौकटीपेक्षा माणसाची स्वतःची नेहमीची नाडी जास्त बोलकी. जिची नाडी वर्षानुवर्षे ६४ होती आणि आता महिनाभर ९० वर आहे, तिचा आकडा चौकटीत बसतो, तरी कारण शोधायलाच हवे.

हृदयाचा ताल उजव्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या) वरच्या भागातील सायनस गाठ ठरवते. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या ब्रिटिश संशोधकांनी १९०७ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ही गाठ मोकळी सोडली तर मिनिटाला शंभरएक ठोके देईल. मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस चेता (नस) तिला सतत लगाम घालून ठेवते, म्हणून शांत माणसाची नाडी सत्तरीत राहते. लगाम सैल झाला की नाडी वाढते, आणि अनुकंपी चेतासंस्था (धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारे नसांचे जाळे) व ॲड्रेनलिनने टाच मारली की आणखी वाढते. व्यायामाची सवय असलेल्यांचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते आणि त्यांचा लगामही घट्ट असतो, म्हणून त्यांची नाडी संथ.

एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला जवळपास पाच लिटर रक्त हृदय पुढे पाठवते. अंगातले पाणी कमी झाले, रक्तस्राव झाला किंवा रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटली, तर ही तूट ठोके वाढवून भरून काढली जाते. ताप, जुलाब, उन्हाचा तडाखा यांत नाडी पळते ती यामुळेच. तापात तर दर अंश सेल्सिअसला साधारण दहा ठोके वाढतात. आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित कारण रक्तक्षय (ॲनिमिया). राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडते, असे बाई सांगते आणि घरात तो कामाचा शीण ठरतो. हिमोग्लोबिनची साधी तपासणी करायला हवी, ती राहून जाते.

अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा अतिस्राव हे दुसरे महत्त्वाचे कारण. वजन उतरणे, हात थरथरणे, उकाडा सहन न होणे ही त्याची जोडलक्षणे. काळजीने वाढलेली नाडी गाढ झोपेत खाली येते, अवटूमुळे वाढलेली झोपेतही पळत राहते. हा फरक घरच्या माणसालाही बोटांनी कळू शकतो. याशिवाय तंबाखू, मिश्री, सिगारेट (तिन्हींत निकोटिन असते), कडक कॉफी, दारू, अपुरी झोप, दम्याचा साल्ब्युटामॉल पंप आणि हृदयाचे आजार. गरोदरपणी नाडी दहा-वीसने वाढणे स्वाभाविक आहे.

नाडी मोजण्यात चुका फार होतात. दवाखान्याचे दोन जिने चढून, नंबर कधी लागेल या घोरात बसलेल्याचा १०८ हा आकडा विश्रांतीचा नव्हेच. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, पाच मिनिटे स्वस्थ बसावे. तळहात वर करून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, तर्जनी आणि मधले बोट हलके टेकवावे. अंगठा वापरू नये. त्यात स्वतःचीच नाडी लागते. पूर्ण मिनिट मोजावे, कारण ठोके नुसते जलद आहेत की अनियमितही, हे दहा सेकंदांत समजत नाही. आठवडाभराचे आकडे कागदावर लिहून नेले तर डॉक्टरांचे काम सोपे होते.

उपचार कारणावर होतो: लोह, अवटूची औषधे, पाणी व क्षारसंजीवनी, तंबाखू सोडणे. काही आजार नसेल तर रोज अर्धा तास भरभर चालणे काही आठवड्यांत नाडी उतरवू लागते. ठोके कमी करणारी बीटा-ब्लॉकर औषधे शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. जुलाबाने किंवा रक्तस्रावाने नाडी वाढली असेल तर ती वाढच माणसाला सावरून धरत असते. दम्यात प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर श्वास कोंडू शकते. आणि चालू गोळी एकाएकी सोडली तर नाडी उसळते.

जलद नाडीबरोबर छातीत दुखणे, दम लागणे, भोवळ किंवा शुद्ध हरपणे असेल तर वाट न पाहता रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन करावा. बसल्या जागी बटण दाबावे तशी नाडी दीडशेपार जाणे आणि तशीच अचानक थांबणे ही हृदयाच्या विद्युतमार्गातील बिघाडाची खूण असते. अशा वेळी धडधड थांबण्याआधीच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्यावा. झटका ओसरल्यावरच्या कागदावर बहुधा सगळे सुरळीत दिसते आणि निदान हुकते.