टेबल फुटबॉल दुरुस्तीला आणताय? आधी तेलाची बाटली खाली ठेवा

परीक्षा संपल्या की आमच्याकडे माळ्यावरून उतरवलेले टेबल फुटबॉल, म्हणजे दांड्यांवर खेळाडू बसवलेल्या पेट्या, यायला लागतात. आणणारे बहुधा पन्नाशीच्या आसपासचे. मुलं आता ऑफिसात ‘फुसबॉल’ खेळतात, म्हणून घरचा आठवतो; नाहीतर नातवंडं सुट्टीला येणार असतात. काउंटरवर पेटी ठेवली की संवाद ठरलेला: “विशेष काही नाही हो, दांड्या जरा जड फिरतायत. मी थोडं तेल घातलंय.”

यातल्या दुसऱ्या वाक्यासाठी हे पत्रक छापलं आहे.

दांड्यांना तेल घालू नका. खोबरेल नको, शिलाई मशीनचं नको, गंज सोडवायचा स्प्रे नको. गोडेतेल घातलेली पेटीही आमच्याकडे आलेली आहे, तेव्हा तेही लिहून टाकतो: नको.

दांडी फिरते ती प्लॅस्टिकच्या किंवा नायलॉनच्या बुशमध्ये, म्हणजे फळीच्या भोकात बसवलेल्या कडीत. काही जुन्या पेट्यांत बुशसुद्धा नाही, फळीला नुसतं भोक आहे. अशा ठिकाणी घातलेलं तेल जागेवर राहत नाही. दांडी आतबाहेर होते तसं ते मैदानावर ओढलं जातं, हार्डबोर्डमध्ये मुरतं, आणि वरचा हिरवा कागद सुटायला लागतो. एकदा तेल मुरलं की त्या जागी कुठलाच गोंद धड धरत नाही.

खोबरेलाने तर फसगत होते. मे महिन्यात ते पातळ असतं, दांडी खरोखरच हलकी फिरते आणि घरात सगळे खूश. डिसेंबरात न्हाणीघरातली बाटली थिजते तेव्हा बुशमधलंही थिजतं. पुढच्या सुट्टीपर्यंत त्यात धूळ बसून काळं किटण तयार होतं. मग दांडी पहिल्यापेक्षा जड, म्हणून आणखी तेल. त्यात चेंडू सरकेना म्हणून कोणीतरी वरून कॅरमची पावडर भुरभुरवतं. पावडर घरात असतेच. बोरिक आणि तेल मिळून मैदानावर जो थर बसतो तो आम्हाला ब्लेडने खरवडून काढावा लागतो, कागद न फाडता.

नुसत्या धुळीने भरलेली पेटी साफ करायला एक दुपार पुरते. तेल प्यायलेली पेटी कित्येक पट वेळ खाते. घरगुती पेटीतली मूठ दाबून बसवलेली असते. ती काढल्याशिवाय दांडी निघत नाही, आणि चाळीस वर्षांची मूठ काढताना तडकते. थिनर वापरून काम झटपट उरकता येत नाही, कारण जुने खेळाडू बहुतेक पॉलिस्टायरीनचे. थिनरने किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने जर्सीचा रंग जातोच, अंगही विरघळतं. तेव्हा कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश आणि एकेक खेळाडू. बिलात ‘तेल काढणे’ ही वेगळी ओळ दिसते ती याची. तिच्यावरून हुज्जत घालणाऱ्यांना आम्ही खरवडलेला थर डबीत ठेवून दाखवतो.

मग दांडी जड का होते?

बहुतेक वेळा दोष दांडीचा नसतोच. दोन पावसाळे माळ्यावर काढले की फळ्या ओल धरतात आणि पेटी पिळते. समोरासमोरची भोकं एका रेषेत राहत नाहीत, दांडी अडकते. घरी बघायचं असेल तर पेटी कडप्प्याच्या ओट्यावर ठेवा. चारही कोपरे टेकत नसतील तर पेटी पिळली आहे. मग बाजूच्या फळीचे स्क्रू अर्धा फेरा सैल करून दांडी ओढून पाहा. हलकी सरकली तर तुमचं उत्तर मिळालं, आमच्याकडे येण्याचीही गरज नाही. पेटी सपाट जागी आडवी ठेवा, वर थोडं वजन, आणि काही दिवसांनी स्क्रू पुन्हा आवळा. तरीही एकच दांडी अडत असेल तर ती वाकली आहे. ती मात्र घरी ठोकून सरळ करू नका.

दांडी वाकण्याचं कारण आम्ही न विचारता सांगतो: गरगर. वाड्यातल्या भावंडांत ज्या नियमावरून सगळ्यात जास्त भांडणं व्हायची तो हाच, “गरगर चालणार नाही.” २००२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय टेबल फुटबॉल महासंघाच्या नियमांतही चेंडू मारण्याआधी किंवा नंतर दांडी पूर्ण फेऱ्याहून जास्त फिरवणं चूक धरतात. तुमची ताई बरोबर होती. खेळाडूंच्या पिना तुटतात त्याही गरगर फिरवण्यानेच.

दांडीला काही लावायचंच असेल तर शंभर टक्के सिलिकोन लावा. दोन थेंब फडक्यावर घेऊन दांडी पुसायची, मैदानावर वर्तमानपत्र पसरून. आमच्याकडे छोटी बाटली मिळते. ट्रेडमिलच्या पट्ट्याला लावतात ते सिलिकोन घरात असेल तर तेही चालेल, लेबल वाचून घ्या.

“एवढ्या पैशांत नवा येईल की!” हेही रोज ऐकतो. येईल. आम्हीही विकतो, प्लायवुडचा, आठ दांड्यांचा, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू, पिळणार नाही असा. नवा बघून घ्या, खेळून घ्या, घाई नाही. पण जुनी पेटी दुरुस्तीला दिलीत तर आम्ही ती जुनीच ठेवतो. हरवलेला खेळाडू उरलेल्यांपैकी एकाचा साचा काढून ओततो आणि त्याचा रंग मुद्दाम थोडा फिका ठेवतो, म्हणजे तो बाकीच्यांत उठून दिसत नाही. सगळ्या जर्सी नव्याने रंगवून हव्या असतील तर देतो, पण दोनदा विचारून. १९८६ चा वर्ल्ड कप रात्री जागून पाहिलेल्यांना अर्जेंटिनाचे निळे-पांढरे पट्टे हवे असतात. तुमच्या थोरल्या भावाने स्केचपेनने मॅराडोनासाठी काढलेला दहा नंबर त्या रंगाखाली गेला की परत येत नाही, एवढंच सांगून ठेवतो.

खेळ मूळचा कुणाचा, यावर काउंटरवर वाद रंगतो. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड थॉर्नटनच्या नावावर १९२३ चं पेटंट आहे. स्पेनच्या यादवी युद्धात जखमी झालेल्या आलेहांद्रो फिनिस्तेरचा दावा १९३७ चा. दावेदार आणखीही आहेत. बिलावर परिणाम होत नाही.

कुणाकडे काकांनी परदेशातून आणलेला सबूटिओही निघतो, तो टिचकीचा फुटबॉल. पीटर अ‍ॅडॉल्फने १९४७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये तो विकायला सुरुवात केली तेव्हा सोबत मैदान नसे; खडू असायचा, आणि घरातल्या जुन्या लष्करी ब्लँकेटवर रेषा आपल्या आपण मारायच्या. कॅरमवर तयार झालेल्या बोटांना हा लगेच जमतो. त्याच्या कापडी मैदानाला उलट्या बाजूने, कोमट इस्त्री करा आणि ते घडी न घालता गुंडाळून ठेवा. त्याच्या खेळाडूंच्या तुटलेल्या बैठका आम्ही जोडून देतो.

ठेवताना पेटी भिंतीला टेकवून उभी करू नका, पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच. आत डांबरगोळ्या टाकू नका. झुरळांचं काय होईल ते होवो, पॉलिस्टायरीनचे खेळाडू मात्र त्या वाफेने मऊ पडतात आणि मैदानाला चिकटून बसतात.

आणताना पेटी आहे तशी आणा, धुळीसकट. तुटलेले पाय, डोकी, पिना एका पिशवीत घालून आणा. निरुपयोगी वाटणारा तुकडाच साच्याला उपयोगी पडतो. तेल घातलं असेल तर कोणतं ते आधीच सांगा, आम्ही रागावत नाही, पावतीवर लिहितो. चेंडू हरवला असेल (असतोच, आणि त्याच्या जागी गोटी आलेली असते) तर गोटी आता मुलांना परत द्या, तिने खेळाडूंचे पाय मोडतात. आमच्याकडे कॉर्कचा चेंडू आहे. फळीवर आपटला तरी आवाज कमी होतो, त्यामुळे ज्या घरात दुपारी एक ते चार कुणीतरी झोपलेलं असतं तिथे तोच घ्या. प्लॅस्टिकचा स्वस्त आहे. तो घेतलात तर खेळ संध्याकाळी.