मुंबई उपनगर : इतिहास आणि कारभार

मुंबई उपनगर म्हणजे माहीमची खाडी नाहीतर सायन ओलांडलं की पुढे लागणारा सगळा पट्टा, पश्चिमेला वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि पूर्वेला कुर्ला, चेंबूर, मानखुर्द, घाटकोपर करत मुलुंडपर्यंत. सरकारदरबारी हा स्वतंत्र जिल्हा आहे, जिल्हाधिकारी ऑफिस वांद्रे पूर्वेला आणि तालुके फक्त तीन, अंधेरी, बोरिवली, कुर्ला. पण रस्ते, पाणी, कचरा, पालिकेच्या शाळा, दवाखाने, बिल्डिंगचे प्लॅन हे सगळं बघते बृहन्मुंबई महानगरपालिका, आणि तिचं मुख्यालय आहे फोर्टात, सीएसएमटी स्टेशनसमोर. २०११ च्या जनगणनेत उपनगर जिल्ह्यात साधारण ९३ लाख ५७ हजार लोक होते आणि शहर जिल्ह्यात ३० लाख ८५ हजार, म्हणजे चार मुंबईकरांमधले तीन उपनगरात राहतात. शहरात जे मावलं नाही किंवा शहराला जे दारात नको होतं ते इकडे येत गेलं, निर्णय मात्र फोर्टातच होत राहिले, आणि उपनगराचा आजचा कारभार समजून घ्यायचा तर हे कसं घडलं ते आधी बघायला लागतं.

हा सगळा भाग मूळचा साष्टी बेटाचा. शेती, मिठागरं, कोळीवाडे, आगरी आणि ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या कॅथलिक, लोकांची गावं. १५३४ च्या तहाने वसई आणि आजूबाजूची बेटं पोर्तुगीजांकडे गेली, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली आणि १७३९ मध्ये वसई पडली. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टीवर ताबा मिळवला, १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो पक्का झाला. म्हणजे मुंबई बेट इंग्रजांकडे आलं सतराव्या शतकात आणि साष्टी आली त्यानंतर शंभरेक वर्षांनी, त्यामुळे दोन्हीकडची जमिनीची कागदपत्रं आणि महसुलाची पद्धत पहिल्यापासून वेगळी. हा फरक आजही सुटलेला नाही, तो पुढे येईलच.

एकोणिसाव्या शतकात दोन्ही भाग जोडले गेले. वांद्रे आणि माहीमच्या मध्ये खाडी होती आणि होडीने ये-जा चालायची, सरकार पुलाला पैसे द्यायला तयार नव्हतं, तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाय यांनी सुमारे १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट घातली की लोकांकडून टोल घ्यायचा नाही, आणि १८४० च्या दशकात माहीमचा कॉजवे झाला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि ती कुर्ला-भांडुपवरूनच गेली. १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत लोकल सुरू झाली. याच काळात शहराच्या पाण्यासाठी साष्टीच्या जंगलात विहार तलाव बांधला गेला, तो १८६० मध्ये पूर्ण झाला, मग १८७९ मध्ये तुळशी. शहराला नळाचं पाणी मिळालं ते उपनगरातून, ही गोष्ट लोकांना सहसा माहीत नसते आणि ती माहीत असायला हवी.

स्थानिक कारभाराची सुरुवातही तेव्हाचीच. वांद्र्याला १८७६ मध्ये नगरपालिका मिळाली. कुर्ल्याची वेगळी होती, घाटकोपर-किरोळची पण नगरपालिका होती. १८९६ ला प्लेग आला आणि गिरगाव, मांडवीसारख्या दाट वस्तीतून ज्यांना जमलं ते लोक वांद्रे, सांताक्रूझ, पार्ल्याकडे सरकले. १९१५ चा टाउन प्लॅनिंगचा कायदा आल्यावर शेतजमिनी एकत्र करून रस्ते, मोकळ्या जागा आणि प्लॉट आखायच्या स्कीम झाल्या, १९१८ मध्ये वांद्र्यात साल्सेट कॅथलिक सोसायटी उभी राहिली. वांद्रे, सांताक्रूझ, पार्ल्याच्या जुन्या भागात आजही पत्त्यात टीपीएस, म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, लिहितात आणि कागदावर एफपी, म्हणजे फायनल प्लॉट, नंबर असतो, बाकी उपनगरात सिटी सर्व्हेचा सीटीएस नंबर चालतो. कुठला भाग आखून वसला आणि कुठला आपोआप वाढत गेला हे नुसत्या या दोन नंबरांवरून ओळखता येतं, रस्त्याची रुंदी बघायचीही गरज पडत नाही.

१९२० मध्ये दक्षिण साष्टीतली ८४ गावं ठाणे जिल्ह्यातून काढून मुंबई उपनगर जिल्हा बनवला. म्हणजे आज आपण ज्याला नवा जिल्हा म्हणतो त्याचं नाव शंभर वर्षांपूर्वीचं आहे. वाईट बाजू पण याच काळात सुरू झाली. शहराचा कचरा टाकायला देवनारची जागा वापरात आली ती १९२७ मध्ये, तेव्हा तो भाग मुंबई पालिकेच्या हद्दीतही नव्हता, तिथल्या लोकांना शहराच्या सभागृहात मत नव्हतं आणि तरी शहराचा कचरा त्यांच्या उशाशी पडत होता. नंतर तिथे माणसं वसवली गेली, काही हटवून आणलेली, काही परवडेल तिथे आलेली, आणि देवनार ज्यात येतं तो पालिकेचा एम पूर्व वॉर्ड मुंबईतल्या सगळ्यात हलाखीच्या भागांपैकी एक झाला. याला योगायोग म्हणता येणार नाही.

खरी विलीनीकरणाची पायरी १९५० ची. तेव्हा पालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंत वाढवली आणि छोट्या नगरपालिका संपल्या. १ फेब्रुवारी १९५७ पासून हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. बृहन्मुंबई ती हीच. पण पालिकेचा कायदा लागू झाला तो १८८८ चाच, जो बेटावरच्या शहरासाठी, करदात्यांनी निवडायच्या नगरसेवकांसाठी लिहिलेला होता. दुरुस्त्या खूप झाल्या, सांगाडा तोच आहे. सभागृह, स्थायी समिती आणि आयुक्त या तीन जागी अधिकार वाटलेले, आयुक्त राज्य सरकार नेमतं आणि अंमलबजावणी पूर्ण त्याच्या हातात. महापौराला मान मोठा पण कार्यकारी अधिकार जवळपास नाहीत. वांद्र्याच्या नगरपालिकेत निदान आपल्या गल्लीचा प्रश्न गावातल्या गावात मांडता यायचा, १९५० नंतर तो प्रश्न घेऊन लोकलने फोर्ट गाठायची वेळ आली. मोठ्या पालिकेचा फायदा झाला नाही असं नाही, पाणी, ड्रेनेज, केईएमसारखी हॉस्पिटलं, बेस्टच्या बस हे छोट्या नगरपालिकांना झेपलं नसतं. पण जवळचा कारभार गेला तो गेला.

त्याची भरपाई म्हणून वॉर्ड ऑफिसं आहेत. पालिकेची रचना अनेक वर्षं २४ वॉर्डांची होती, त्यातले ९ शहरात आणि १५ उपनगरात. पश्चिमेला एच, के, पी, आर आणि त्यांचे पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण असे तुकडे, पूर्वेला एल, एमचे दोन, एन, एस आणि टी. वॉर्डाचा प्रमुख सहायक आयुक्त, त्याच्यावर परिमंडळाचे, म्हणजे काही वॉर्डांच्या गटाचे, उपायुक्त, त्यांच्यावर अतिरिक्त आयुक्त, यात पश्चिम उपनगरांना एक आणि पूर्व उपनगरांना एक. सामान्य माणसाचा संबंध येतो तो वॉर्ड ऑफिसच्या खिडक्यांशी. जन्म-मृत्यूचा दाखला, दुकानाचं लायसन्स, पाण्याचं कनेक्शन, झाडाची फांदी तोडायची परवानगी, घनकचरा खात्याचा मुकादम, मेंटेनन्सचा ज्युनियर इंजिनिअर, बिल्डिंग अँड फॅक्टरीचा माणूस जो अनधिकृत बांधकामाची नोटीस काढतो. पण नव्या बिल्डिंगचा प्लॅन पास करायला वॉर्डात अधिकार नाही, त्याचं खातं वेगळं, इमारत प्रस्ताव. त्यामुळे शेजारी टॉवर उभा राहत असेल आणि गटाराची लाइन फुटली असेल तर गटाराची तक्रार एकीकडे आणि टॉवरची दुसरीकडे.

१ ऑक्टोबर १९९० ला बृहन्मुंबई जिल्ह्याचे दोन भाग झाले, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. पालिका एकच राहिली, महसुली जिल्हे दोन झाले. ग्रामीण भाग नसल्यामुळे जिल्हा परिषद नाही. पालकमंत्री आणि जिल्हा नियोजन समिती मात्र वेगळी. जिल्हाधिकाऱ्यांकडे सरकारी जमिनी, निवडणूक यादी, दाखले असं काम, पूर्वी एनए, म्हणजे बिनशेती आकारणीही. सोसायटीने पालिकेचा प्रॉपर्टी टॅक्स भरला तरी जमिनीच्या बिनशेती आकाराची नोटीस कलेक्टर ऑफिसकडून यायची, हा वेगळा आकार कशाला हे बऱ्याच सोसायट्यांच्या कमिटीला कळायचंच नाही. साष्टीचा जमीन महसूल वेगळा होता ना, त्याची ही शेपूट.

विकासाच्या नियमांनी काय केलं ते थोडं सविस्तर सांगायला पाहिजे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत बेसिक एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, शहरात १.३३ आणि उपनगरात १ असा होता. त्याबरोबर टीडीआर आला, म्हणजे रस्त्यासाठी, आरक्षणासाठी किंवा झोपडपट्टी पुनर्वसनासाठी जागा दिली की त्या बदल्यात बांधकामाचे हक्क मिळायचे आणि ते विकता यायचे. शहरात तयार झालेला टीडीआर मुख्यतः उपनगरातच वापरायचा असा नियम होता. दक्षिणेत मोकळी केलेली जागा दक्षिणेला आणि तिचं बांधकाम वांद्रे, पार्ले, मुलुंड, बोरिवलीच्या दोन मजली बंगल्यांच्या गल्लीत. सात-आठ मजले चढले, गल्ली तेवढीच, पाण्याची लाइन आणि गटार जुन्या मापाचं. वर्षानुवर्षं हे चाललं. शहरातही टीडीआर वापरायची मुभा आली ती २०१८ मध्ये नवी नियमावली मंजूर झाल्यावर, तोपर्यंत उपनगराचा चेहरा बदलून गेला होता. गावठाणं आणि कोळीवाडे यात अजून वेगळे अडकले, खारदांडा, वर्सोवा, मढ, गोराई इथली घरं शहराच्या नियमावलीच्या कितीतरी आधीची, आणि त्यांच्या हद्दी आखायचं काम वर्षानुवर्षं रेंगाळत आलं आहे.

हद्दीत पालिका एकटी नाही हाही मोठा गोंधळ. वांद्रे-कुर्ला संकुलात नियोजन एमएमआरडीएचं, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं, म्हाडाच्या लेआउटमध्ये म्हाडाचं, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत त्यासाठीच्या एसआरए प्राधिकरणाचं, अंधेरी-मरोळच्या औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसीचं, शिवाय विमानतळ, रेल्वे, आरे कॉलनी, नॅशनल पार्क. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला, मिठी नदी कुर्ला, कलिना, साकीनाका सगळीकडे घरात शिरली आणि शेकडो माणसं गेली. त्या मिठीची लांबी साधारण १७.८ किमी, कामासाठी तिचेही भाग पाडले, ११.८४ किमी पालिकेकडे आणि खालचे ६ किमी एमएमआरडीएकडे. एकाच नदीचा गाळ दोन संस्थांनी दोन टेंडर काढून काढायचा हे कुठल्या हिशोबाने बरोबर हे आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. वीज पण अशीच वाटलेली, बेस्टची वीज माहीम-सायनपर्यंत, पुढे उपनगरात पूर्वीची बीएसईएस जी आता अदानीची आहे, काही ग्राहक टाटाचे, आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण. एकाच पालिकेचे नागरिक, पण विजेचा दर आणि तक्रारीची खिडकी राहत्या पत्त्यावर ठरते.

राजकीय वजन मात्र आता उपनगराकडे सरकलं आहे. पालिकेत २२७ नगरसेवक, २०१७ च्या निवडणुकीसाठी जी प्रभागरचना झाली तिच्यात शहराला ५६, पश्चिम उपनगरांना १०२ आणि पूर्व उपनगरांना ६९ जागा आल्या. विधानसभेच्या मुंबईतल्या ३६ पैकी २६ जागा उपनगर जिल्ह्यात. ७ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षण, प्रभागरचना यांच्या कोर्टकचेऱ्यांत निवडणूक लांबत गेली ती १५ जानेवारी २०२६ ला झाली. मधली जवळपास चार वर्षं आयुक्तच प्रशासक, बजेटही त्यांनीच करायचं आणि मंजूरही त्यांनीच. लोकांनी खड्डा कुणाला दाखवायचा, तर वॉर्ड ऑफिसला, नाहीतर आमदाराला.

उपनगराची वेगळी महापालिका करा अशी मागणी अधूनमधून होते. वेगळं होणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण शहराचं पाणी भातसा, तानसा, वैतरणाकडून येतं आणि त्यातलं बरंचसं भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून जातं, ते केंद्र उपनगरात. कचरा जातो ती कांजूरमार्गची जागाही उपनगरात. ऑक्ट्रॉय, म्हणजे जकात, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला, त्याच्या भरपाईची रक्कम राज्याकडून एका पालिकेच्या नावाने येते, ती कशी वाटायची हा वेगळा प्रश्न. त्यापेक्षा ७४ व्या घटनादुरुस्तीने ज्या वॉर्ड पातळीवरच्या प्रभाग समित्या आल्या त्यांना खर्चाचे खरे अधिकार देणं जास्त उपयोगाचं आहे, असं या भागाचा कारभार जवळून बघितल्यावर वाटतं. सध्या समितीला छोट्या कामांपुरती मंजुरी देता येते, वॉर्डाचं स्वतःचं बजेट ठरवता येत नाही, आणि कुर्ल्यासारख्या वॉर्डात, जिथे महाराष्ट्रातल्या कित्येक महापालिकांपेक्षा जास्त माणसं राहतात, तिथे एका सहायक आयुक्तावर सगळा भार आहे.